पुढचं चाक

जून महिन्यातल्या एका मंगळवारी आईचा फोन आला तेव्हा मी स्टँड-अपमध्ये होतो. स्टँड-अप म्हणजे काल काय केलं आणि आज काय करणार हे टीममधल्या प्रत्येकानं दोन मिनिटांत सांगायची सकाळची मीटिंग. आई सकाळी कधी फोन करत नाही. मी म्यूट करून उचलला.

"काही झालेलं नाहीये," ती म्हणाली.

गावाकडच्या फोनची ही सुरुवात ऐकली की काहीतरी झालेलं असतं, हे पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

"गाडी जरा घसरली. दूध सांडलं. तुझे दादा बरे आहेत, गुडघ्याला लागलंय थोडं. तू येऊ नको, नुसतं सांगायला केला."

दादा म्हणजे माझे वडील. आमचं गाव डिंगोरे, तालुका जुन्नर. ओतूरहून माळशेज घाटाकडे जाताना लागतं. गावाला लागून जो रस्ता जातो तो कल्याण-नगर रस्ता, पूर्वीचा २२२ आणि आताचा ६१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. या रस्त्यावर आणि त्याला येऊन मिळणाऱ्या वाड्या-वस्त्यांच्या रस्त्यांवर दादा गेली तेरा वर्षं ॲपे चालवतात. मालवाहू, हौदा असलेली. पहाटे पाचला निघायचं, वाड्यांवरून दुधाचे कॅन गोळा करायचे, संकलन केंद्रावर टाकायचे. त्यानंतर हंगामाप्रमाणे कुणाचा कांदा, कुणाचे टोमॅटोचे क्रेट, कुणाची खताची पोती, लग्नसराईत मांडवाचे बांबू. श्रावणात कपर्दिकेश्वराच्या यात्रेला ओतूरला दुकान मांडणाऱ्यांचं सामान. माझं इंजिनिअरिंग या गाडीनं केलं, असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

शनिवारी मी गेलो. चाकणच्या गर्दीतून सुटून, नारायणगाव मागं टाकून आळेफाट्याला डावीकडे वळलो की मला नेहमी बरं वाटतं. या वेळी नाही वाटलं. ओतूरपर्यंत मी हेच ठरवत होतो, की दादांना गाडी बंद करा म्हणून कसं सांगायचं.

*

गाडी गोठ्याच्या बाजूला उभी होती. हौद्याची एक कड चेपलेली. दादा बाजेवर, गुडघ्याला हळदीचा लेप. झालं ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. रात्री पहिला पाऊस पडून गेलेला. रस्त्यावर ट्रॅक्टरनं आणलेली माती, त्यावर पाणी. वळणावर कुत्रं आडवं आलं. ब्रेक दाबला, हँडल वळवलं, गाडी वळलीच नाही. सरळ चारीत गेली.

"उलटली नाय," ते म्हणाले. "आडवी झाली नुसती."

मी गाडीपाशी जाऊन उकिडवा बसलो आणि पुढचा टायर पाहिला. खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

इथे थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. माझ्याकडे एक मोटरसायकल आहे. गेल्या वर्षी तिचे टायर बदलायचे होते तेव्हा मी तीन आठवडे अभ्यास केला. रेडियल की बायस, रबर मऊ की कडक, ओल्या रस्त्यावर कुठला टायर किती अंतरात थांबतो, असे कितीतरी व्हिडिओ पाहिले. एक्सेल शीट केलं. ते टायर घेऊन मी महिन्यातून एखाद्या रविवारी ताम्हिणीत जातो आणि भजी खाऊन परत येतो. त्याच्या आधी काही दिवस मी तीन चाकांच्या मोटरसायकलींच्या नादी लागलो होतो. पुढे दोन चाकं आणि मागे एक, अशी रचना असते. पियाजिओची एमपी३ २००६ साली आली, यामाहाची नायकेन २०१८ मध्ये. वळणावर पुढची दोन्ही चाकं गाडीबरोबर कलतात. ओल्या फरशीवर एक चाक घसरलं तरी दुसरं धरून ठेवतं. मला घ्यायची नव्हतीच, परवडणारीही नव्हती, पण कुठले टायर बसतात इथपर्यंत मी वाचून काढलं होतं.

आणि ज्या तीनचाकीवर आमचं घर चाललं, तिच्या पुढच्या टायरवर काय लिहिलंय हे मला माहीत नव्हतं.

लिहिलं होतं ४.५०-१०. म्हणजे रुंदी साडेचार इंच, रिमचा व्यास दहा इंच. पुढे ८पीआर, प्लाय रेटिंग, टायर किती ओझं पेलेल याचं माप. आणि बाजूला लंबगोलात चार आकडे, २६२०. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०२० सालचा सव्विसावा आठवडा, म्हणजे जूनची अखेर. टाळेबंदीतला टायर. रबराला बाजूनं बारीक भेगा पडलेल्या, मध्यभाग गोटा झालेला. आणि कडेला नक्षीचं जे काही उरलं होतं त्यावरून कळत होतं की हा टायर पुढच्या चाकाचा नव्हताच. आडव्या जाड खाचा होत्या, म्हणजे लग टायर. तो मागच्या चाकासाठी असतो.

"दादा, हा मागचा आहे ना?"

"मागं घासला की पुढं येतो," ते म्हणाले. जसं काही टायरांचं वयच होतं ते.

*

ॲपे हा इटालियन शब्द आहे, अर्थ मधमाशी. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. पियाजिओनं १९४६ साली व्हेस्पा काढली आणि दोन वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याच स्कूटरला मागे दोन चाकं आणि हौदा जोडून ॲपे केली. युद्धात मोडलेल्या इटलीत छोट्या दुकानदाराला परवडेल असं मालवाहू वाहन हवं होतं. दोन्हींचा आराखडा कोरादिनो द'आस्कानियो या इंजिनिअरचा, जो मुळात विमानं आणि हेलिकॉप्टरं करणारा. व्हेस्पाचं पुढचं चाक एकाच बाजूनं धरलेलं असतं, विमानाच्या चाकासारखं. आमच्या गाडीचंही तसंच आहे. पुण्याजवळ बारामतीत १९९९ पासून ॲपे बनते, त्यामुळे आमच्याकडे ती कुणाला परकी वाटत नाही. त्याआधीच्या पिढीची तीनचाकी म्हणजे फिरोदियांच्या बजाज टेंपोची हॅन्सिअॅट. तिचा आराखडा जर्मनीतल्या हॅम्बर्गचा, आणि तिथल्या कंपनीचं नाव टेंपो. ती कंपनी केव्हाच संपली, पण आपण अजूनही कुठल्याही मालगाडीला टेंपोच म्हणतो.

या सगळ्या गाड्यांमध्ये पुढे एकच चाक. त्याची कारणं सरळ आहेत. गाडी स्वस्त होते, हलकी होते, बोळातून वळते. ओतूरच्या बाजारात दादा जिथून गाडी काढतात तिथून माझी मोटरसायकल काढताना मला घाम फुटतो. पण त्याची किंमतही आहे. चारचाकीत वळवायचं काम दोन चाकं वाटून घेतात. इथे ते एकटं चाक करतं. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे येतो, आणि पुढे तर त्रिकोणाचं टोक आहे, बूड नाही. सरळ रस्त्यावर ते चालून जातं. वळणावर ब्रेक लावला की भार पुढे आणि बाहेर, तिरपा जातो, जिथे खाली चाकच नसतं. त्यात हौद्यात दूध असलं तर अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये ते हिंदकळतं आणि धक्का देतं. आणि पुढचा टायर गोटा असेल तर ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच ते चाक फिरायचं थांबतं आणि नुसतं घसरत जातं. घसरणारं चाक वळत नाही. मग हँडल कितीही फिरवा, ते शोभेला. दादांनी "गाडी वळलीच नाही" म्हटलं होतं ते अक्षरशः खरं होतं.

आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. संपूर्ण यंत्रणेत जी एकच गोष्ट बंद पडली तर सगळं बंद पडतं, ती. आम्ही दिवसभर त्या शोधतो. एका सर्व्हरला जोडीला दुसरा लावतो, डेटाबेसची प्रत ठेवतो, रात्री तीनला फोन वाजेल अशी सोय करतो. सगळं कशासाठी, तर कुणाचं तरी पेमेंट दोन मिनिटं अडकू नये म्हणून.

मी दादांना हे सगळं, सर्व्हर वगळून, समजावून सांगितलं. ते ऐकून घेत होते.

"मग पुढं दोन चाकं का देत नाय?"

"असतात तशा गाड्या. महाग असतात."

"आणि टायर दोन घ्यावे लागत असतील."

"हो."

"मग बरंय एकच आहे ते."

*

गाडी बंद करा, हे मी त्या दिवशी बोललो नाही. म्हटलं, निदान टायर तर घेऊ. रविवारी सकाळी गुडघ्याला फडकं बांधून दादा माझ्या मागे मोटरसायकलवर बसले आणि आम्ही टायरच्या दुकानात गेलो. दुकान दादांच्या ओळखीचं. उधारी चालते, चहा येतो.

दुकानदारानं तीन टायर काढून ठेवले. एक रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेला. दुसरा नवा, लग नक्षीचा. तिसरा नवा, रिब नक्षीचा, म्हणजे चाकाच्या दिशेनं सरळ रेघा असलेला. नव्याची किंमत दोन हजारांच्या आतबाहेर, रिमोल्ड त्याच्या निम्म्यात.

रिमोल्ड मी बाजूलाच केला. मागच्या चाकाला तो चालतो, ट्रकही चालवतात. पण वर चढवलेलं रबर सुटलं तर मागे दुसरं चाक असतं, पुढे नसतं. दादा काही बोलले नाहीत, पण त्यांचा हात त्या टायरवर थोडा वेळ राहिला.

खरा वाद लग आणि रिबवरून झाला. माझ्या मते प्रश्नच नव्हता. पुढच्या चाकाला ओढायचं नसतं, दिशा धरायची असते. रिबच्या सरळ रेघांमधून पाणी निघून जातं आणि गाडी बाजूला सरकताना त्या रेघांच्या कडा रस्ता धरतात. लगच्या आडव्या खाचा चिखलात ओढायला, म्हणून त्या मागे.

"चिखलात पुढचं चाक वाहवतं," दादा म्हणाले. "रिबच्या रेघा मातीनं भरल्या का झाला तो गोटाच. लग असला का चावतो तरी."

"पण कच्चा रस्ता किती आहे तुमचा? फेरीत तीन किलोमीटर. बाकीचे पंचवीस डांबरी."

"गाडी अडकते ती त्या तीनातच ना. डांबरावर कधी अडकली?"

मी गप्प झालो, कारण हे बरोबर होतं. माझं शीट किलोमीटर मोजत होतं. कुठल्या किलोमीटरला काय होतं हे त्यात नव्हतं. मग मीही विचार केला आणि म्हटलं, "अडकली तर ढकलून काढता येते. घसरली तर?"

दुकानदार चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "पोराचं बरोबर आहे दादा. पुढं रिबच घ्या."

दादा बराच वेळ दोन्ही टायरांकडे बघत बसले. मग खिशातून फोन काढला आणि वरच्या वस्तीवर लावला. पावसाळाभर कच्च्या रस्त्यानं येणार नाही, कॅन फाट्यावर आणून ठेवा, पोरांना सांगा, एवढंच बोलले. पलीकडून कुणीतरी लगेच हो म्हणालं असावं. तेरा वर्षं त्या चिखलातून गाडी घालणाऱ्या माणसाला हे एका फोनचं काम होतं. पण विचारायला लागतं, आणि विचारणं त्यांना जड जातं.

रिब टायर मी उलटून पाहिला आणि आकडे वाचले. चार वर्षांपूर्वीचा माल होता. दुकानात पडून असलेलं रबरही म्हातारं होतं. मी म्हटलं, नवीन तारखेचा द्या. दादांना अवघडल्यासारखं झालं. "अरे ते काय आपल्याला फसवतात का," ते हळूच म्हणाले. दुकानदाराला वाईट वाटलं नाही, किंवा वाटलं तरी दिसू दिलं नाही. त्यानं पोराला मागं गोदामात पाठवलं आणि त्याच वर्षीचा, दुसऱ्या महिन्यातला टायर आणवला. त्याच किमतीत. विचारलं नसतं तर मिळाला नसता, एवढंच.

*

टायर चढवायला आम्ही हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे गाडी नेली. हळूहळू, मीच चालवत, दादा शेजारी अर्धवट टेकून. ॲपेचं रिम दोन भागांचं असतं, नटांनी जोडलेलं. आधी पूर्ण हवा सोडायची आणि मगच नट खोलायचे. उलटं केलं तर रिमचे तुकडे तोंडावर येतात. पंक्चरवाल्यानं व्हॉल्व्हची पिन काढली, हवा जाईपर्यंत तंबाखू मळली, मग पाना घेतला.

टायर सुटून आला तेव्हा त्याच्या आतून रबराचा एक जाड तुकडा खाली पडला. तळव्याएवढा, कडा तासलेल्या. गेटर. टायर कुठे फाटला, की दुसऱ्या जुन्या टायरचा तुकडा कापून आतून बसवतात, म्हणजे त्या चिरेतून ट्यूब बाहेर येत नाही. मी टायर उचलून उजेडात धरला. नक्षीच्या कडेला बोटभर चीर होती, आतले नायलॉनचे धागे तुटलेले. बाहेरून माती बसून बुजली होती, म्हणून मला दिसली नव्हती.

"हा कधीचा?" मी पंक्चरवाल्याला विचारलं.

त्यानं दादांकडे पाहिलं. दादा रस्त्याकडे बघत होते.

"दोन पावसाळे झाले असतील," तो म्हणाला. "मी तेव्हाच म्हटलं होतं, बदला. पण यांचं पहिल्यापासून असंच. तू कॉलेजला होतास तेव्हा तर पुढं एक सोडून दोन गेटर असायचे. नवा टायर आला का तो मागं."

मी कॉलेजला होतो तेव्हाचं एक वेळ समजू शकत होतो. २०१५ ते २०१९. दर जुलैला फी असायची आणि जुलैत पावसामुळे भाडी कमी असायची. पण दोन पावसाळ्यांपूर्वी मी नोकरीत चार वर्षांचा झालेलो होतो. दर महिन्याला घरी पैसे पाठवत होतो. ज्या वर्षी हा गेटर बसला, त्याच्या पुढच्याच वर्षी मी तीन आठवडे बसून माझे टायर निवडले.

"दादा, मागं नवा आणि पुढं हा, असं का?"

मला वाटलं ते पैशाचं काहीतरी सांगतील. त्यांनी जरा विचार केला, जसं काही हे त्यांना कुणी आजवर विचारलंच नव्हतं.

"मागं लोकांचा माल असतो," ते म्हणाले. "पुढं काय, मीच असतो."

पंक्चरवाला नव्या ट्यूबला पावडर लावत होता. कल्याणकडे जाणारा एक कंटेनर गेला आणि सगळी टपरी हलली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचं चाक घसरलं तर मागचा माल पण सांडतो, हे मी म्हणू शकलो असतो. ते त्यांना मंगळवारी कळलंच होतं. चाळीस लिटरचे तीन कॅन चारीत रिकामे झाले होते, आणि त्या एकशेवीस लिटर दुधाचे पैसे दादांनी शेतकऱ्यांना पदरचे दिले होते. आईनं मला आदल्या रात्री आकडा सांगितला होता. त्यात असे दोन टायर आले असते.

हे मी बोललो नाही. मी म्हटलं, "यापुढं नवा टायर पहिला पुढं. मागचा मागं घासू दे."

"बरं," दादा म्हणाले. ज्या सुरात ते डॉक्टरला बरं म्हणतात त्या सुरात.

*

परत येताना त्यांनी गाडी चालवायला घेतली. गुडघा दुखत असणार, पण मला हँडल देईनात. नव्या टायरवर साच्यातून काढताना लावलेला बुळबुळीत थर असतो, शंभरेक किलोमीटर तो जाईपर्यंत जपून चालवायची, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली. मी मागे हौद्यात बसलो, कठड्याला धरून. लहानपणी बसायचो तसा. तिथून त्यांची पाठ दिसते आणि त्यांच्या पलीकडे रस्ता. चाक दिसत नाही.

त्या वळणावर गाडी हळू झाली. चारीच्या कडेला गवतावर दुधाचा पांढुरका डाग अजून होता, की मला तसं वाटलं. दादांनी ब्रेक वळणाच्या आधी लावला आणि वळताना पाय काढून घेतला. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. हे त्यांना माझ्या जन्माच्या आधीपासून येत असणार. त्या पहाटे कुत्रं आलं नसतं तर त्यांनी असंच केलं असतं, आणि मला फोन आला नसता, आणि तो गेटर अजून आत असता.

घरी आल्यावर मी गोठ्याच्या भिंतीवर, जिथे दुधाचा हिशेब खडूनं लिहिलेला असतो, त्याच्या वर टायरची तारीख लिहिली. पुढचा, मागचा डावा, मागचा उजवा. स्टेपनी. दादांनी वाचलं आणि म्हणाले, "तुझ्या मोटरसायकलचं पण लिही." मी लिहिलं. चार ओळींच्या खाली पाचवी आणि सहावी.

गाडी बंद करायचं बोलणं या वेळी राहून गेलं. ते बोलावं लागेल, हेही खरं आहे. दादा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, पहाटेच्या अंधारात बिबट्यांच्या रस्त्यानं जातात, आणि टायर नवा असला तरी पुढे चाक एकच आहे. पण बंद करा म्हणायच्या आधी ती चालू असताना मी तिच्याकडे पाहायला हवं होतं, आणि ते मी तेरा वर्षांत त्या शनिवारी पहिल्यांदा केलं. त्या हिशेबात मला एवढ्यात काही बोलायचा हक्क आहे असं वाटलं नाही.

दोन आठवड्यांनी आईला फोनवर विचारलं, "जुना टायर कुठंय?" मला शंका होती. पंक्चरवाल्याकडेच टाकून देऊ म्हटलं होतं, पण दादांनी तो हौद्यात टाकून घरी आणला होता. असू दे, कामाला येतो, म्हणत.

"कडब्यावरचा कागद उडतो ना, त्याच्यावर ठेवलाय."

"स्टेपनीला नाही ना लावायचे?"

"नाही लागायचा," आई म्हणाली. "मी कोयत्यानं चार ठिकाणी चिरलाय. त्यांना नको सांगू."